काकवी म्हणजे गूळ नव्हे, वन्सं

वन्सं, तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलं.

खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "इंदू, काकवी म्हणजे गूळ नव्हेच ना गं?" मी अर्धी खोलीत, अर्धी दारात. चुलीवर चहाचं आधण होतं, ते उतू जाईल म्हणून जीव तिकडे. हसून म्हटलं, "आधी बऱ्या व्हा, मग भांडू." मला वाटलं, जुनी खोडी आठवली तुम्हाला. भांडायची हुशारी आली म्हणजे आता ताप उतरणार. स्वयंपाकघरात जाऊन सुनेला, शैलाला सांगितलंसुद्धा, "आत्या आज बऱ्या दिसतात, काकवीवर आल्यात." शैला पोळी लाटत होती, लाटत राहिली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला काल-परवा कळला.

त्यानंतर तुम्ही कोणाशी फारसं बोललाच नाहीत. म्हणजे तुमचा शेवटचा नीटसा प्रश्न मला होता, आणि मी तुम्हाला पुढची तारीख दिली.

तर आज उत्तर द्यायला बसलेय. लिहिणं माझं काम नव्हे. चौथीत शाळा सुटली, पुढचं काय ते पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले. बोलते तसंच लिहिणार. तुम्ही म्हणायचातच ना, "इंदूला देवाने तोंड दिलं आणि झाकण द्यायला विसरला." आता ते ऐकून घ्या. मध्ये बोलायला तुम्ही नाही, याची अजून सवय झालेली नाही मला. एकेक वाक्य झालं की थांबतेय.

वाचणाऱ्याला काय ठाऊक आपलं भांडण कसलं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण, घरच्यांची आक्का. मी लग्न होऊन भिवंडीला आले तेव्हा तुम्ही आधीच इथे परत आलेल्या होतात, कपाळ मोकळं, आणि स्वयंपाकघराच्या किल्ल्या कमरेला. घरात मला पहिल्याच दिवशी कानात सांगण्यात आलं की आक्काने काशीला गूळ सोडलाय, तिच्या ताटात चुकूनही वाढू नकोस. काशीला जाऊन एखादी आवडती वस्तू सोडायची रीत आहे, ते मला माहेरीही माहीत होतं. पण आमच्याकडची माणसं हुशार. कोणी कारलं सोडून येई, कोणी दुधी. आमच्या एका मावशीने तर पडवळ सोडलं, जे तिने जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. तुम्ही मात्र खरोखरीचं सोडून आलात. तुमच्या यजमानांना गुळपोळी आवडायची आणि तुम्हाला नुसता गूळ, खडे फोडून, फ्रॉकच्या खिशात घालून खायचात म्हणे लहानपणी. सोडला तो सोडला. संक्रांतीला तिळगुळाचा पाक तुमच्याशिवाय घरात कोणाला जमायचा नाही. बोटाने तार बघायचात आणि बोट पाण्यात बुडवून धुवायचात. मी एकदा म्हटलं, "वन्सं, एवढं करता आणि जिभेला लावत नाही, कसं होतं तुमच्याच्याने?" तर म्हणालात, "बाकीच्यांना खाऊन गोड बोलावं लागतं. मला न खाताच बोलावं लागतं, एवढाच फरक."

मी उसाच्या मुलखातली, कराडकडची. गुऱ्हाळाच्या वासात वाढलेली. गूळ न खाणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून गूळ खाणं मला जडच जायचं. कधीतरी या बाईला माझ्या हातचं गोड खायला घालीन, हे तेव्हाच मनात घेतलं. साखर तुम्हाला चालायची, पण आवडायची नाही. "साखर म्हणजे नुसतं गोड," म्हणायचात. "त्यात माणूस नाही."

मग ते दुष्काळाचं साल आलं. रेशनवर लाल मिलो मिळायला लागला. परदेशी ज्वारी म्हणे, पण ज्वारी कसली. भाकरी थापली की कडा फाटणार, तव्यावर टाकली की मध्ये फाटणार, आणि ताटात वाढली की माझा मुकुंद ती भिंतीकडे सरकवणार. साखर तर रेशनच्या पिशवीत शोधावी लागे. तुम्ही रोज नवा उपाय काढायचात. कधी उकड काढून, कधी नाचणी मिसळून. पोरांची पोटं भरत होती, तोंडं पडलेली होती.

तेव्हा मला ती बुद्धी झाली. आपल्या नाक्यावरच्या बेकरीत लोक घरचं पीठ, तूप, साखर देऊन नानकटाई भाजून आणायचे. मी म्हटलं, मिलो आणि नाचणी खमंग भाजून, थोडं गव्हाचं जाडं पीठ घालून, न चाळता, कोंड्यासकट, गुळात कालवून थापू आणि बेकरीतून भाजून आणू. वड्या पाडू. पोरं बिस्कीट म्हणून खातील. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "त्या बेकरीच्या पत्र्यांवर आधी काय भाजलेलं असतं?" मी म्हटलं, "असेल काहीतरी, अंड्याचं." झालं. तुम्ही पदर खोचलात. "भट्टीच हवी ना तुला? भट्टी घरात आहे."

भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्याची, खाली बाजूला भोक पाडलेली. त्या दिवसापर्यंत मी तिच्यावर फक्त अंघोळीचं पाणी तापवत होते. तुम्ही मधोमध बाटली उभी केलीत, भोकातून दांडकं आत सारलंत आणि सभोवती लाकडाचा भुसा ठासायला लागलात. मुठीने, मग मनगटाने, मग वरवंट्याने. बाटली गोल फिरवत वर काढलीत, दांडकं ओढलंत, मध्ये सरळ धुराडं. ती पेटली की दुपारभर एकाच आचेवर जळत राहायची, ना भडका ना विझणं. वर जाड पातेलं, पातेल्यात कामवारी नदीची वाळू, वाळूत तिवई, तिवईवर वड्यांची थाळी, आणि झाकणावर निखारे. "आमची आई कोबीचं भानोलं असंच भाजायची," म्हणालात. "तुम्हा घाटावरच्यांना वरून आच द्यायचं काय माहीत!"

भुशासाठी तुम्ही स्वतः रशीदभाईंच्या लाकडाच्या वखारीत जायचात. त्यांच्याशी तुमचं हिंदी ऐकायला मी मुद्दाम पिशवी धरून मागे यायची.

"भाईसाब, कल का भुसा ओला था. धूर से हमारा डोळा गया."

"बडी बाई, आपके लिए तो सागवान का निकाल के रखा था."

"सागवान काय करने का? मेरेको दरवाजा नही बनाने का, वडी भाजने की है."

बिचारे हात जोडायचे आणि कोरडा भुसा स्वतः भरून द्यायचे. पुढे ईदेला त्यांच्या घरी आपल्या वड्यांचा डबा जायला लागला आणि त्यांच्याकडून शेवयांची पिशवी यायला लागली. रशीदभाई म्हणायचे, "बडी बाई का दिमाग गरम, मगर भट्टी एकदम बराबर."

पहिला घाणा मात्र आठवतो ना? गुळाचा. थाळीतून निघेचना. सुरी वाकली. शेवटी ह्यांनी बत्ता आणला. एक तुकडा हातात घेऊन वळवून वळवून बघितला आणि तुम्हाला विचारलं, "आक्का, ही खायची आहे की दाराला लावायची?" तुम्ही त्यांच्या हातातून काढून घेतलीत, म्हणालात, "तुझे दात तुझ्या अकलेसारखे आहेत, त्याला वडी काय करणार?" पण मला आत येऊन हळूच म्हणालात, "इंदू, गूळ भाजला की कडक होणारच. ओलावा धरणारं काहीतरी पाहिजे."

तेव्हा मला काकवी आठवली. आणि वन्सं, खरं सांगते, वडी मऊ व्हावी हे दुसरं कारण. पहिलं कारण तुम्ही.

थंडीत माझा भाऊ डबाभर काकवी घेऊन आला. मी तशीच्या तशी पिठात ओतली, थोडं ताक, चिमूट सोडा, तीळ, सुंठ. वड्या अशा निघाल्या की बोटाने दाबलं तर दबाव्या आणि पुन्हा वर याव्यात. वरून काळसर तांबूस, आतून ओलसर, कोंडा दाताखाली नुसता लागेल एवढा. मुकुंदने खाल्ली, दुसरी मागितली, तिसरी न मागता घेतली. मी एक वडी बशीत घालून तुमच्यासमोर ठेवली.

"गुळाची आहे ना?"

"गूळ कुठाय? काकवी आहे."

"काकवी म्हणजे गूळच की."

"अजिबात नाही. काहिलीत रस आटवतात, मळी काढतात. घट्ट व्हायच्या आधी जी काढून घेतात ती काकवी. उरलेला रस पुढे आटला, वाफ्यात ओतला, घोटला, थिजला, की मग गूळ. जो ढेपेत बसतो तो गूळ. काकवी ढेपेत बसत नाही."

"म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा गूळ."

"म्हणजे ताक म्हणजे लोणी का?"

"मी लहान होते तेव्हा आक्का नव्हते का? मीच होते ना ती?"

"तुम्ही लहान होतात तेव्हा तुम्ही गूळ खात होतात," मी म्हटलं. "त्या लहान आक्काला खाऊ दे की मग."

तुम्ही हसलात, बशी उचललीत आणि माझ्याच हातात दिलीत. "खा तू. फार बोलून दमली असशील."

तेव्हापासून दर घाण्याला हेच. मी बशी ठेवायची, तुम्ही परत करायची. मध्ये भांडण. कधी मी खजूर घालून बघितला, तर तुम्हीच नाक मुरडलंत. ताडगूळ आणला, तर म्हणालात, "ह्याच्या तर नावातच लिहिलंय." ह्यांनी एकदा वैतागून विचारलं, "अगं बायांनो, तुमच्यात कोणी जिंकलं तर वड्या बंद होणार आहेत का?" आपण दोघी एकदम "हो" म्हणालो होतो.

आणि चव न घेता तुम्ही भाजायचात कशा! नाकाने. मी सारखी झाकण उचलायला जायची आणि तुम्ही फुंकणीने माझ्या हातावर मारायचात. "थांब. अजून पिठाचा वास आहे." पुन्हा थोड्या वेळाने, "आता तिळाचा आला." शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट चाललेला, धुराने डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही पाटावर डोळे मिटून बसलेल्या, देवाचं म्हणत असल्यासारख्या. मग एकदम, "वास बदलला. काढ." मी एवढ्या वर्षांत कितीदा विचारलं, काय बदललं, कसा बदलला? "बदलला म्हणजे बदलला," म्हणायचात. मला तो कधी कळला नाही. तुमच्या नाकावर भरवसा ठेवून मी माझं नाक वापरलंच नाही.

दुष्काळ सरला, मिलो रेशनवरून गेला. त्याची आठवणही कोणाला नको होती. आपण मात्र वड्या सोडल्या नाहीत. मिलोच्या जागी आपली चांगली ज्वारी आली, तूप जरा जास्त पडायला लागलं. मुकुंदचं लग्न झालं, शैला आली. ती आली तेव्हा तिला पहिल्यांदा मी किल्ल्या-दागिन्यांचं काही सांगितलं नाही. कानात एवढंच सांगितलं, आत्यांनी गूळ सोडलाय.

आणि मग शैलाचं पोटातलं गेलं.

ते दिवस मी लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहेत. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. पेज करा, खीर करा, तिची आई आली, तिने केलं, सगळं तसंच परत. मुकुंद कामावरून यायचा आणि दारातच विचारायचा, "खाल्लं?" मग आमच्या तोंडाकडे बघून चपला काढायचा. मला काही सुचेना तेव्हा मी वज्रेश्वरीला जायचं ठरवलं. देवीची ओटी भरायची आणि पदर पसरायचा. तुम्हाला म्हटलं, चला. तुम्ही म्हणालात, "दोघीही गेलो तर तिच्याजवळ कोण? तू जा. माझाही नमस्कार सांग."

मी सकाळच्या एस्टीने गेले. देवीपुढे फार रडले. येताना गाडी उशिरा आली, घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आणि बघते तर शैला स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली. वेणी घातलेली. मांडीवर वडीचा चुरा. बशीत अर्धी वडी. तुम्ही पातेल्यातली वाळू सुपात काढत होतात.

"खाल्लं हिने!" मी ओरडलेच. "देवीने ऐकलं हो वन्सं! मी पदर पसरला आणि इथे हिने घास घेतला!"

तुम्ही वर बघितलंत. शैलाने तुमच्याकडे बघितलं. "देवी जागृत आहे," तुम्ही म्हणालात, आणि वाळू काढत राहिलात.

गल्लीभर सांगितलं मी. देवीचा महिमा. पडघ्याच्या काकूंना सांगितलं, त्यांनी पुढे किती जणींना वज्रेश्वरीला धाडलं असेल!

त्यानंतर काही गोष्टी झाल्या, त्या मी बघितल्या आणि समजल्या नाहीत. मी बशी पुढे करायची, तुम्ही पूर्वीसारखं "गूळच तो" म्हणेनाशा झालात. "ठेव," एवढंच म्हणायचात. भांडणात मजा राहिली नव्हती. मला वाटलं, वय झालं. मग माझा भाऊ आला तेव्हा तुम्ही त्याला पाट देऊन समोर बसवलंत आणि पोलिसासारखं विचारलंत. काहिलीतून काकवी नेमकी कधी काढता? तेव्हा रस कसा दिसतो? तिथून पुढे आटवला नाही तर त्याचा गूळ होतो का आपोआप? तो म्हणाला, "नाही आक्का, काकवी वर्षभर ठेवली तरी काकवीच राहते. तळाला साखर बसेल एखाद वेळी. गूळ नाही व्हायचा." तुम्ही पुन्हा विचारलंत, "नक्की?" तो म्हणाला, "अहो, आमचा जन्म गेला त्यात." मी आतून ओरडले, "बघा वन्सं, तुमच्याच साक्षीदाराने तुम्हाला पाडलं!" तुम्ही काही उलट बोलला नाहीत. मी समजले, पुढच्या भांडणाची तयारी चाललीय.

किती बोलते मी, वन्सं, आणि किती कमी ऐकते.

परवा तुमच्या गोडाच्या जेवणाचं ठरवत होतो. पडघ्याच्या काकू आल्या होत्या. ह्यांच्या चुलत्यांच्या मंडळी, त्यामुळे आता घरात त्याच सगळ्यात थोरल्या, आणि तुम्हाला माहीत आहे त्या कशा बसतात, दाराच्या मधोमध. खीर ठरली, वडे ठरले. मी म्हटलं, वन्संच्या पानात एक आपली वडी वाढू.

"काय बोलतेस इंदू?" काकू म्हणाल्या. "आक्काने काशीला गूळ सोडलेला. जन्मभर पाळलं तिने. आता ती गेल्यावर तिच्या पानात गुळाची वडी वाढतेस? सोडलेली वस्तू पानात आली तर तिचं व्रत मोडेल."

"त्यात काकवी असते, काकू."

"काकवी म्हणजे गूळच की!"

अगदी तुमचा शब्द, तुमचा सूर. मी भांडले नाही. मनात आलं, तुमचं व्रत ते तुमचं. माझ्या हौसेपायी जाता जाता त्याला बोट कशाला लावू? काकवीचा डबा काढला होता तो परत फळीवर ठेवला. काकू पुढे म्हणाल्या, "त्यापेक्षा आक्काच्या नावाने तूच काहीतरी सोड. एवढी वर्षं एकत्र होतात." मी म्हटलं, "बघते."

शैला माझ्या मागे मागे परसात आली. मी भुसा उन्हात पसरला होता, तो हाताने वरखाली करत बसली.

"आई, वडी वाढा आत्यांना."

"अगं, त्यांनी कधी..."

"खाल्ली होती."

मला कळेचना. ती खाली बघूनच बोलत होती. "तुम्ही वज्रेश्वरीला गेलात त्या दिवशी. आत्यांनी वड्या केल्या. माझ्यापुढे बशी ठेवली. मी म्हटलं, मला नको. त्या म्हणाल्या, एक घास. मला राग आला, आई. सगळे मला खा खा म्हणत होते. मी म्हटलं, तुम्ही खाता का? तुम्ही एवढी वर्षं एक वस्तू तोंडात घालत नाही, तुम्हाला कोणी बळजबरी करतं का? तुम्ही खा, मग मी खाते. मला वाटलं, आता त्या उठून जातील. मला एकटीला पडू देतील."

"मग?"

"त्या खूप वेळ वडीकडे बघत बसल्या. मग तुकडा मोडला आणि खाल्ला. चावून, सावकाश. डोळे मिटून. मग दुसरा मोडला आणि माझ्यासमोर धरला. मग मी कशी नाही म्हणणार?"

शैला म्हणाली, "मी रडायला लागले. म्हटलं, आत्या, माझ्यामुळे तुमचं मोडलं. तर म्हणाल्या, मोडलं कसलं, तुझी सासू एवढी वर्षं घसा फोडून सांगतेय, काकवी म्हणजे गूळ नाही. ती उसाच्या मुलखातली आहे, तिला माहीत असेल ना? आणि म्हणाल्या, तिला मात्र सांगू नकोस. एकदा कळलं की मला मरेपर्यंत चिडवील."

वन्सं, मी भुशात बसले. चक्क बसले, पाट नाही काही नाही.

तेव्हा तुम्ही मला विचारत होतात! ती खोडी नव्हती. पोरीसाठी तुम्ही तुमची काशी बाजूला ठेवलीत, माझ्या एका शब्दाच्या भरवशावर. आणि मग तो शब्द भक्कम आहे का, हे मनातल्या मनात चाचपत राहिलात. माझ्या भावाला विचारून झालं. शेवटी मला विचारलंत. जिच्याशी जन्मभर "गूळच तो" म्हणून भांडलात, तिच्यापुढे पहिल्यांदा "नव्हेच ना" म्हणालात. आणि मी म्हटलं, मग भांडू.

मला चिडवू द्यायचंत हो. मरेपर्यंत चिडवलं असतं तर रोज एकदा तरी तुमच्या कानावर पडलं असतं ना की काकवी म्हणजे गूळ नाही.

काल सकाळी उठून मीच भुसा ठासला. बाटली काढताना एक बाजू ढासळली, पुन्हा ठासला. ज्वारी, नाचणी, कोंड्याचा गहू. फळीवरून काकवीचा डबा उतरवला. काकू दारात बसून बघत होत्या, माळ ओढत. थाळी आत ठेवली, झाकणावर निखारे पसरले, आणि मग माझ्या लक्षात आलं की आता काढ म्हणायला कोणी नाही. मी पाटावर बसून डोळे मिटले, तुमच्यासारखे. भुशाचा धूर येत होता. पिठाचा वास येत होता, की तिळाचा, की माझ्या मनाचा, मला काही कळेना. झाकणाकडे हात गेला तेव्हा फुंकणीची सुद्धा आठवण आली.

माजघरातून शैलाची हाक आली. ती पानं पुसत होती, हातातलं न सोडता म्हणाली,

"आई, वास बदलला. काढा."

काढल्या. तुमच्या असायच्या तशाच होत्या.

पानं मांडली तेव्हा पहिलं तुमचं. खीर, वडे, आमटी, भात, आणि उजव्या हाताला एक वडी. काकूंची माळ थांबली. "इंदू, सांगितलं होतं ना तुला? आक्काने गूळ सोडलेला."

"यात गूळ नाही, काकू."

"मी काय आज जन्मले? काकवी म्हणजे..."

"गूळ नव्हे," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने की ओसरीवर बसलेल्या ह्यांनी आत डोकावून बघितलं. "रस काहिलीतून गूळ व्हायच्या आधी काढतात ती काकवी. ढेपेत बसत नाही. वर्षभर ठेवली तरी गूळ होत नाही. मी गुऱ्हाळात वाढलेय. ज्याने काकवी खाल्ली त्याने गूळ खाल्लेला नाही, आणि गूळ सोडलेल्या माणसाने ती खाल्ली तर त्याचं काही म्हणजे काही मोडत नाही."

"बरं बाई, ओरडतेस काय?" काकू म्हणाल्या. "आणि सोडणार काय मग तू आक्काच्या नावाने?"

"काही नाही. सोडायचं ते वन्सं दोघींच्या वाटचं सोडून गेल्यात."

शैला माझ्या शेजारी उभी होती. तिने वाकून तुमच्या पानातली वडी जरा सरळ केली. काही सरळ करण्यासारखं नव्हतं, तरी केली. जेवणं झाल्यावर काकूंनी दोन वड्या खाल्ल्या आणि चार पडघ्याला बांधून घेतल्या, गूळ नाही ना याची खात्री करून.

तर हे उत्तर, वन्सं. उशिरा दिलं, पण सगळ्यांसमोर दिलं. यापुढे जो म्हणेल त्याच्याशी भांडीन, तुमच्या बाजूने. भट्टी शैला बघेल, तिला नाक आहे. बशी मी पूर्वीसारखीच ठेवीन.

तुम्ही आता परत करू नका. काकवीची आहे. निवांत खा.